काट्याच्या खोलीत न बसलेला पॅच

कारखान्याची मोळी टाकायची, म्हणजे गाळप सुरू करायची, तारीख ठरली होती आणि हातात चार दिवस होते. बॉयलर पेटवून झाला होता, बीडकडच्या तोडणी टोळ्या अड्ड्यावर उतरायला लागल्या होत्या, आणि मी पश्चिम महाराष्ट्रातल्या त्या सहकारी साखर कारखान्याच्या काट्याच्या, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करायच्या, खोलीत पेनड्राइव्ह घेऊन बसले होते. पेनड्राइव्हवर एक पॅच होता, म्हणजे कोडमध्ये कुठं काय बदलायचं ते सांगणारी छोटी फाइल. त्यात दोनच ओळी नव्या होत्या. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांचं रिकामं वजन स्लिपवर वेगवेगळं छापायचं, एवढंच काम. शेतकऱ्यांची ही मागणी जुनी होती आणि रास्त होती. दोन्ही ट्रॉल्यांचा एकच आकडा छापला, की कुठल्या ट्रॉलीचं किती धरलं हे माणसाला पडताळता येत नाही.

त्या खोलीतलं मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही. मुद्दामच जोडलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून पुण्यात आमच्या ऑफिसात जो बदल होतो तो पॅचच्या रूपात पेनड्राइव्हवरून तिथं जातो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. त्याची पॅच लावायची कमांड, ‘गिट अप्लाय’, मी टाइप केली, पुढं फाइलचं नाव दिलं आणि एंटर दाबलं. उत्तर आलं: ‘एरर: नो व्हॅलिड पॅचेस इन इनपुट’.

फाइल तर उघडून बघितली होती. एडिटरमध्ये सगळं जागच्या जागी दिसत होतं. वर ‘डिफ --गिट’, खाली वजा-अधिकच्या ओळी. माणसाला दिसणारा पॅच मशीनला दिसत नव्हता. अशा वेळी मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, बाइट बघते. ‘फाइल’ नावाची कमांड चालवली, तिनं सांगितलं की हा यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमधला, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीतला, मजकूर आहे आणि ओळींच्या शेवटी विंडोजची खूण आहे. ‘एक्सएक्सडी’नं पहिले दोन बाइट दाखवले: एफएफ, एफई. त्यानंतर प्रत्येक इंग्रजी अक्षरामागं एक शून्य बाइट. गिटला अपेक्षित असतं डी, आय, एफ, एफ असं सलग. त्याला मिळत होतं डी, शून्य, आय, शून्य. अशा फाइलमध्ये त्याला पॅच सापडणार कुठून?

हे कसं झालं ते लगेच कळलं. पुण्यातल्या सहकाऱ्यानं विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या शेलमध्ये, ‘गिट डिफ’ चालवून, पुढं ‘मोठा-आहे’चं चिन्ह देऊन फाइल बनवली होती. पॉवरशेल ५.१ हे काम करताना गिटचे बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये ओतत नाही. आधी तो मजकूर म्हणून वाचतो आणि मग स्वतःच्या पद्धतीनं, म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये, परत लिहितो. ७.४ या आवृत्तीपासून बाइट जसेच्या तसे जातात, पण बहुतेक लॅपटॉपवर आयतं मिळतं ते ५.१ च.

मी ‘आयकॉन्व्ह’नं फाइल यूटीएफ-८ मध्ये आणली, ओळींच्या शेवटचं जादा चिन्ह ‘टीआर’नं काढून टाकलं. परत ‘गिट अप्लाय’. या वेळी निदान पॅच पॅच म्हणून ओळखला गेला, पण बसला नाही: ‘पॅच फेल्ड: स्लिप.पीवाय:११८’.

मग पॅच नीट वाचला आणि पोटात गोळा आला.

आमच्या स्लिपवर मराठी शब्द छापले जातात, ते कोडमध्येच लिहिलेले आहेत. त्यातली एक ओळ ‘निव्वळ वजन’ छापते. पॅचमध्ये त्या जागी भलतंच काही होतं: ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, एक उलटं प्रश्नचिन्ह, परत अल्फा, परत तोच एन. मी मोजलं. ‘निव्वळ’ या एका शब्दाच्या जागी बरोबर १८ चिन्हं होती. हिशोब तिथंच लागला. ‘निव्वळ’ लिहिताना मशीन सहा चिन्हं साठवतं: न, ऱ्हस्व वेलांटी, व, हलन्त, परत व आणि ळ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. सहा त्रिक अठरा. पॉवरशेलनं गिटकडून आलेले बाइट कन्सोलच्या जुन्या कोडपेजप्रमाणं, म्हणजे जुन्या अक्षरतक्त्याप्रमाणं, वाचले होते, त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक चिन्ह ई० आणि ए४ किंवा ए५ या बाइटांनी सुरू होतं, म्हणून तो अल्फा आणि एन पुन्हा पुन्हा येत होते.

म्हणजे फाइलचं एन्कोडिंग मी बदललं तरी आतलं मराठी आधीच मोडलेलं होतं, आणि ते माझ्या ‘आयकॉन्व्ह’नं परत येणारं नव्हतं. इंग्रजी कोडवर काम करणाऱ्यांना हा त्रास कधी दिसत नाही, त्यांचा पॅच एन्कोडिंग बदललं की बसतो. आपण मात्र कोडमध्ये मराठी लिहितो, आणि ते लिहायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद त्याला वाचता आला पाहिजे. त्यासाठी पॅच बनवताना शेलला मध्ये येऊ द्यायचं नाही, एवढी काळजी घ्यायची. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ स्वतः फाइल लिहितो. ‘गिट डिफ’ वापरायचाच असेल तर त्याला ‘--आउटपुट’ देऊन फाइलचं नाव सांगता येतं. दोन्हीत शेलचा हात लागत नाही.

काट्याच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन सहकाऱ्याला फोन केला. त्यानं ‘फॉरमॅट-पॅच’नं पुन्हा फाइल बनवून पाठवली, मी ती फोनवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतली. काट्यावर अण्णा असतात, कारखान्यात त्यांची तीस वर्षं झाली आहेत. त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, “बसलं का ओ ताई?” मी म्हटलं, “बसतंय अण्णा, दहा मिनिटं द्या.”

दहा मिनिटांचा दीड तास झाला.

नवा पॅच लावला आणि काहीच झालं नाही. चूक दाखवली नाही, तक्रार केली नाही, मुकाट्यानं प्रॉम्प्ट परत आला. मला वाटलं बसला. चाचणीची स्लिप काढली तर जुनीच आली. फाइल उघडली, नव्या ओळी नाहीत. परत लावला, परत तेच. शेवटच्या कमांडचा निकाल विचारला तर शून्य, म्हणजे सगळं ठीक. माझ्या मते गिटच्या सगळ्या अपयशांत हे सगळ्यात वाईट, कारण ते अपयशासारखं दिसतच नाही.

‘-व्ही’ देऊन परत चालवलं तेव्हा कळलं: ‘स्किप्ड पॅच’. पेनड्राइव्हवरून फाइल मी रेपोच्या, म्हणजे गिट सांभाळतो त्या कोडच्या फोल्डरच्या, आतल्या एका उपफोल्डरमध्ये कॉपी केली होती आणि तिथूनच कमांड देत होते. रेपोच्या आत, पण मुळाशी नसलेल्या फोल्डरमधून ‘गिट अप्लाय’ चालवलं, की त्या फोल्डरच्या बाहेरच्या फाइलींचे बदल तो गाळतो. पॅचमधला रस्ता मुळापासून लिहिलेला होता आणि माझ्या फोल्डरच्या बाहेर जात होता. म्हणून सगळाच पॅच गाळला गेला. आता माझी सवय झाली आहे की पॅच लावण्याआधी ‘गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल’ विचारायचं आणि तिथं जाऊनच पुढचं काम करायचं. लावल्यावर लगेच ‘गिट डिफ --स्टॅट’ बघायचं. बदललेल्या फाइलींची यादी रिकामी असेल तर पॅच बसलेला नाही, मग शून्य येवो की आणखी काही.

मुळाच्या फोल्डरमध्ये गेले, परत लावला. ‘पॅच फेल्ड: स्लिप.पीवाय:११८’. ‘पॅच डझ नॉट अप्लाय’. आता मराठी अक्षरं नीट होती, जागा नीट होती, तरी नाही.

नेहमीच्या तपासण्या भराभर केल्या. ‘कॅट -ए’नं पॅच आणि फाइल दोन्ही बघितल्या, टॅबची जागा स्पेसनं घेतली आहे का, ओळींच्या शेवटी विंडोजची खूण आहे का. चॅटमध्ये चिकटवून पाठवलेल्या पॅचची टॅबं बऱ्याचदा स्पेस होतात, म्हणून मी चॅटमधला मजकूर कधीच घेत नाही. ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’नं दोन्हीकडं एलएफ दाखवलं. रस्त्यांच्या पुढं ‘ए/’ आणि ‘बी/’ होतं, म्हणजे कुणी ‘नोप्रीफिक्स’ लावून ठेवलेलं नव्हतं. ते असतं तर ‘-पी०’ द्यावं लागलं असतं. रंगांचे कोड घुसलेले नव्हते. हाताने कुणी पॅच बदललेला नव्हता, नाहीतर ‘करप्ट पॅच’ असं वेगळंच बोलणं ऐकावं लागतं, कारण ‘@@’च्या ओळीतली मोजणी खालच्या ओळींशी जुळत नाही. ‘--इग्नोर-व्हाइटस्पेस’ देऊनही बघितलं. नाही.

मग पॅचमधली ‘@@’ची ओळच परत वाचली: ‘@@ -११८,६ +११८,८ @@’. जुन्या फाइलच्या ११८ व्या ओळीपासून सहा ओळी घ्या, त्यांच्या आठ करा. वरच्या तीन ओळी संदर्भाच्या, खालच्या तीन संदर्भाच्या, मधे दोन नव्या. पुढं त्याच ओळीत गिट जवळच्या फंक्शनचं नाव लिहितो. तिथं ट्रॉलीच्या स्लिपच्या फंक्शनचं नाव होतं. ते नाव मी तेव्हा नुसतं वाचलं, पुढच्या पाच मिनिटांत त्यानंच मला वाचवलं.

उशीर होत होता. मनात आलं, जुना ‘पॅच’ प्रोग्रॅम वापरून बघावा. लॅरी वॉल यांनी तो १९८५ मध्ये लिहिला, गिट त्यानंतर वीस वर्षांनी, २००५ मध्ये आला. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या थोड्या वेगळ्या फाइलवर बसवणं हाच तर ‘पॅच’चा उद्देश होता, म्हणून तो सैल आहे. संदर्भाच्या सगळ्या ओळी जुळल्या नाहीत तर कडेच्या एक-दोन ओळी सोडून उरलेल्यांवर भागवतो. याला फझ म्हणतात आणि न सांगता तो दोनपर्यंत जातो. ‘गिट अप्लाय’ जागा सरकलेली चालवून घेतो, पण संदर्भाची ओळ चुकलेली चालवून घेत नाही, आपण ‘-सी’ देऊन स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय.

नशिबानं ‘--ड्राय-रन’ लावायची बुद्धी झाली. ‘पॅच’नं आनंदानं सांगितलं: हंक (पॅचमधला बदलाचा तुकडा) एक यशस्वी, ओळ १६४ वर, फझ २, ४६ ओळी पुढं.

४६ ओळी पुढं? फाइल उघडून १६४ वर गेले. ते बैलगाडीच्या स्लिपचं फंक्शन होतं.

एक क्षण मी नुसतीच बघत राहिले. बैलगाडीला ट्रॉली नसते. त्या दोन ओळी तिथं बसल्या असत्या तर कोड उघडताना, चालू होताना काहीच वाटलं नसतं. पायथनमध्ये नसलेलं नाव त्या ओळीवर पोचेपर्यंत कुणालाच कळत नाही. मोळी पडली असती, पहाटे पहिली बैलगाडी काट्यावर आली असती, बटण दाबलं असतं आणि स्लिप छापायच्या जागी प्रोग्रॅम पडला असता. मागं गाड्यांची रांग, बैल तसेच जुंपलेले. हे सगळं ‘यशस्वी’ या शब्दाखाली.

तिथून पुढं मी पॅच बसवायचा प्रयत्न थांबवला. तो मला खरं सांगत होता, तुझ्याकडची फाइल ती नाही जिच्यावरून मला कापलं. मी सकाळपासून पॅचमध्ये दोष शोधत होते, शोधायची होती फाइल.

आणि पॅचवर ती कुठली फाइल हे लिहिलेलं असतं. ‘डिफ --गिट’च्या खाली एक ओळ असते, ‘इंडेक्स’, तिच्यात दोन आखूड हॅश आणि मधे दोन टिंबं. बहुतेकजण ती वाचत नाहीत, मीही वर्षानुवर्षं वाचत नव्हते. डावीकडचा हॅश म्हणजे बदलाआधीच्या पूर्ण फाइलचा ठसा, उजवीकडचा बदलानंतरचा. फाइलमध्ये एक स्पेस जरी वेगळी असली तरी ठसा वेगळा. मी ‘गिट रेव्ह-पार्स’ला आमच्या इथल्या फाइलचा ठसा विचारला. वेगळा निघाला. पॅचच्या डावीकडचा ठसा ‘गिट कॅट-फाइल’ला दिला, तो म्हणाला असं ऑब्जेक्टच नाही. म्हणजे ज्या फाइलवरून पॅच कापला ती फाइल या मशीनवर आजवर कधी आलेलीच नव्हती. ‘--थ्रीवे’ दिलं असतं तरी त्यानं हीच रड सांगितली असती, कारण तिहेरी जुळणीसाठी त्याला ती मूळ फाइल लागते.

परत लिंबाखाली. आता मी हॅश वाचत होते आणि पुण्यात सहकारी टाइप करत होता. पहिला, आमच्या फाइलचा. त्याच्याकडंही ऑब्जेक्ट नाही! दोघं गप्प झालो. पुण्यातली फाइल कारखान्यात नाही हे समजू शकतं. पण कारखान्यातली फाइल पुण्यात नाही, याचा अर्थ इथं कुणीतरी बदल केला आहे आणि तो इथंच राहिला आहे.

आत येऊन त्या एका फाइलचा ‘गिट लॉग’ बघितला. सगळ्यात वर एक कमिट, म्हणजे गिटमधली बदलाची एक नोंद, होतं, जानेवारीतलं, वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटं. संदेश: ‘काटा बदल’. नाव आमच्याच एका जुन्या इंजिनिअरचं, त्यानं नोकरी सोडून सहा महिने झाले होते.

“अण्णा, जानेवारीत रात्री कुणी येऊन काही बदललं होतं का?”

अण्णांना आठवायला वेळ लागला नाही. “तो पोरगा आलता की. ट्रॉल्यांच्या फळ्या काढून टाकल्या होत्या पोरांनी, तरी मशीन जुनंच रिकामं वजन धरत होतं. माणसाचं टनेज कमी दिसायला लागलं, भांडणं झाली. त्यानं रात्रभर बसून केलं. तवापासनं दर खेपेला रिकामी ट्रॉली काट्यावर घेतल्याबिगर स्लिप निघत नाय.”

बदल बघितला. बारा-तेरा ओळी, नीट लिहिलेल्या. पूर्वी प्रोग्रॅम ट्रॉलीच्या नंबरावरून साठवलेलं रिकामं वजन उचलायचा. त्यानं ते बंद करून दर खेपेला नवं वजन सक्तीचं केलं होतं. साठवलेलं रिकामं वजन फळ्यांसकटचं, प्रत्यक्ष ट्रॉली हलकी, आणि तो फरक उसाच्या वजनातून जात होता. हंगामात भर रात्री, रेंज नसलेल्या खोलीत त्यानं हे दुरुस्त केलं होतं. पुण्याहून कारखान्याकडं यायची वाट होती, कारखान्याकडून पुण्याला जायची वाट आम्ही ठेवलीच नव्हती. म्हणून ते इथंच राहिलं.

दुपारी मला फोनवर ऑफिसातल्या एकानं सुचवलं होतं, एवढं डोकं लावू नकोस, पुण्याची अख्खी स्लिप.पीवाय टाकून मोकळी हो. ते केलं असतं तर कुठलीही चूक दिसली नसती. नव्या दोन ओळी छापल्या गेल्या असत्या, सगळे खूश झाले असते, आणि जानेवारीतली दुरुस्ती पुसली गेली असती. पहिल्या खेपेपासून पुन्हा जुनं रिकामं वजन, आणि आता तर तेच जुनं वजन दोन ट्रॉल्यांचं वेगवेगळं, ठळक छापून.

‘काटा बदल’च्या खालच्या कमिटमधल्या फाइलचा ठसा काढला आणि तो पुण्याला वाचून दाखवला. ‘गिट लॉग --फाइंड-ऑब्जेक्ट’नं तिकडं तो लगेच सापडवला: मे महिन्यातलं कमिट. दोघांचे रस्ते तिथून फुटले होते. पुण्याकडं त्यानंतर चार कमिट झाली होती, त्यांपैकी जूनमधल्या एकात ट्रॉलीच्या स्लिपवरचं ‘नेट वजन’ बदलून ‘निव्वळ वजन’ केलं होतं, बैलगाडीच्या स्लिपवर होतं तसंच. जूनमध्ये कारखाना बंद असतो, इकडं कुणी फिरकलंच नाही, तो बदल पोचला नाही. जानेवारीतल्या कमिटची तारीख आधीची असूनही ते मेच्या वर कसं, असं वाटेल. त्याचं उत्तरही लॉगमध्येच होतं. मेमध्ये कुणीतरी पेनड्राइव्हवरून पुण्याचं काम आणून जानेवारीचा बदल त्यावर रिबेस केला होता, म्हणजे उचलून त्याच्या वर नव्यानं ठेवला होता. रिबेसमध्ये लेखकाची मूळ तारीख तशीच राहते. म्हणजे तेव्हाही तो बदल कुणाच्या तरी डोळ्यांसमोरून गेला होता आणि पुण्याला पोचला नव्हता.

आता फझचं कोडंही सुटलं. पॅचमधल्या नव्या ओळींच्या लगेच वर संदर्भ म्हणून ‘निव्वळ वजन’ची ओळ होती. इथल्या ट्रॉलीच्या फंक्शनमध्ये अजून ‘नेट वजन’ होतं. ‘निव्वळ वजन’ फाइलमध्ये एकाच ठिकाणी होतं, बैलगाडीच्या फंक्शनमध्ये. ‘पॅच’ प्रोग्रॅमनं कडेच्या ओळी सोडल्या आणि सगळ्यात जवळची ओळ जिथं जुळली तिथं गेला. त्याच्या नियमानं तो बरोबरच होता.

पुढचं काम सोपं होतं. सहकाऱ्याला पॅच नको म्हटलं, बंडल पाठव म्हटलं. ‘गिट बंडल क्रिएट’ला त्यानं मेच्या कमिटपासून आजपर्यंतचा पल्ला दिला आणि एक छोटी फाइल पाठवली. बंडल म्हणजे रेपोचा एक तुकडाच, खऱ्या कमिटांसकट. इथं ‘गिट बंडल व्हेरिफाय’ चालवलं, तर त्यानं सांगितलं की तुझ्याकडं मेचं हे कमिट असायला हवं आणि ते आहे. पॅचमध्ये मला जे तीन तास खणून काढावं लागलं ते बंडल स्वतःच सांगतो. ज्या ठिकाणी नेटवर्क नाही पण दोन्हीकडं गिट आहे तिथं मी आता पॅच नेतच नाही. पॅच न्यायचीच वेळ आली तर ‘फॉरमॅट-पॅच’ला ‘--बेस’ देते, म्हणजे तो कुठल्या कमिटवर उभा आहे हे त्याच्या तळाशी लिहून येतं.

बंडलमधून ‘फेच’ केलं, मर्ज केलं, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकत्र केले. एका जागी संघर्ष आला, अपेक्षेप्रमाणं तिथंच. वर आमच्याकडचं, खाली पुण्याचं, मधे बरोबरच्या खुणांची रांग. जानेवारीतल्या पोरानं रिकामं वजन घ्यायच्या ओळी जिथं टाकल्या होत्या, पुण्याच्या नव्या ओळी तिथंच छापायचं सांगत होत्या. दोन्ही ठेवल्या, पण क्रम लावून: आधी दोन्ही ट्रॉल्यांचं ताजं वजन, मग ‘निव्वळ वजन’, मग प्रत्येक ट्रॉलीचा आकडा वेगळा. पुण्याच्या ओळी साठवलेल्या वजनाचं नाव वापरत होत्या, तिथं ताज्या वजनाचं नाव घातलं. हा बदल कुठल्याही कमांडनं केला नसता, तो वाचून समजून हातानंच करायचा होता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अण्णांनी आवारातला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट काट्यावर बोलावला. ट्रॉल्यांत ऊस नव्हता, पण ड्रायव्हर आणि त्याचे चार सोबती वर बसले होते, म्हणून तेच भरलेलं वजन धरलं. मग ते उतरले, ट्रॉल्या एकेक करून काट्यावर घेतल्या. प्रिंटर खरखरला. अण्णांनी स्लिप दिव्याखाली धरली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचली, निव्वळ वजन, पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली. मग बैलगाडीची एक स्लिप काढायला लावली. तीही निघाली, जशी निघत होती तशीच.

“आता झालं,” म्हणाले.

रात्री निघण्याआधी मी तिथल्या मशीनवर उलटं बंडल बनवलं, कारखान्याकडून पुण्याला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते ओढलं तेव्हा काहीच अडलं नाही, गिटनं ‘फास्ट-फॉरवर्ड’ म्हटलं आणि ते पुढं सरकलं. आमच्या लॉगमध्ये ती ओळ पहिल्यांदाच दिसली: ‘काटा बदल’, जानेवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटं, त्याच्या नावानिशी. मी त्याला फोन करून सांगितलं.